तोतऱ्या पोपटाची साक्ष

परवा माझ्या पुतण्याच्या सुनेचा नागपूरहून फोन आला. तिचा मुलगा बोलताना अडखळतो. त्याला स्पीच थेरपीला घालायचं ठरलंय, तर त्याआधी काय काय माहीत असायला हवं, असं तिने मला विचारलं. मला विचारण्याचं कारण सरळ आहे. आमच्या गोतावळ्यात अडखळणारी मीच, आणि त्यावरचे नाना उपचार सोसलेलीही मीच. मी तिला म्हटलं, "पोराचं तोंड उघडायला नेण्याआधी घरातल्या बाकीच्यांची तोंडं बंद होतात का, ते बघ." तिला वाटलं म्हातारी रागावली. घाईघाईने तब्येतीची चौकशी करून तिने फोन ठेवला. मी रागावले होतेच, पण तिच्यावर नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते.

आमचं गाव विदर्भातल्या सावली गावाकडचं. पुढे तलाव, मागे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि बांध्या संपल्या की जंगल. एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली ही गोष्ट. तेव्हा गडचिरोलीचा वेगळा जिल्हा झाला नव्हता, सगळा मुलूख चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यातच होता. अडखळणाऱ्या माणसाला शिकवणारं कोणी शिकलेलं माणूस असतं, हे आमच्याकडे कुणाला ठाऊकही नव्हतं. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. चौथीपर्यंत शिकलेली, धानाच्या रोवणीला सगळ्यांच्या पुढे आणि बोलायला सगळ्यांच्या मागे.

माझं बोलणं अडायचं, पण सगळीकडे नाही. बैलांना हाकलताना अडत नसे, भावाशी भांडताना अडत नसे, एकटीने तळ्यावर बडबड करताना तर मुळीच नाही. त्यामुळे निम्म्या गावाचं मत असं होतं की पोरगी सोंग करते. पण कोणी समोर उभं राहून "हं, सांग" म्हटलं की शब्द घशात बसकण मारायचा. सगळ्यात हट्टी होतं माझं स्वतःचं नाव. दुसऱ्याचं नाव अडलं तर 'ते तळ्याजवळचे' असा वळसा घालता येतो. स्वतःच्या नावाला वळसा नसतो. आजही ते पहिल्या फटक्यात निघत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

आणि बाबा. बाबा स्वभावाने वाईट नव्हते, पण त्यांना दम नव्हता. मी अडले की ते ओरडायचे, "बोल ना वं लवकर, तोंडात काय भरलं हाय?" आणि मग माझं उरलेलं वाक्य स्वतःच पूर्ण करून त्याचं उत्तरही देऊन मोकळे व्हायचे. मला तहान लागली आहे असं सांगायला गेले की मी रोवणीची मजुरी विचारते आहे असं ठरवून ते मला सगळा हिशेब समजावून सांगायचे. मी पाणी न पिता परत यायचे. मायचा प्रकार उलटा. ती जवळ येऊन म्हणायची, "सावकाश, माय माझी, सावकाश. श्वास घे." ती इतक्या मायेने म्हणायची की मी श्वास घेत बसायचे आणि बोलायचं राहून जायचं.

रोगाचं कारण मात्र गावाने केव्हाच शोधून काढलं होतं. लहानपणी मी वाघ पाहिला आणि दचकले. मी वाघ पाहिला नव्हता. पण इतक्या जणांनी इतक्या खात्रीने सांगितलं की पुढे पुढे मलाही तो थोडाथोडा आठवायला लागला. कोणत्या झुडपातून निघाला तेसुद्धा मी दाखवू शकले असते.

पहिला उपचार मायने केला. मधात वेखंड उगाळून रोज सकाळी जिभेवर. त्याने जीभ अशी बधिर व्हायची की जे शब्द नीट येत होते तेही अडायला लागले. दुसरा शाळेच्या मास्तरांनी केला. वैनगंगेचे गुळगुळीत गोटे तोंडात धरून मोठ्याने वाचायचं. एके दिवशी एक गोटा मी गिळला. मग सगळं घर माझं बोलणं सोडून त्या गोट्याच्या मागे लागलं, आणि तो दिसल्यावर बाबांनी शेजाऱ्यांना जाऊन आनंदाने सांगितलं. मी मात्र होते तिथेच होते.

तिसरा उपचार माझ्या मामाचा. मामा नदीपलीकडचा, गडचिरोलीकडचा. पोपटाचा उष्टा पेरू खाल्ला की जीभ सुटते असं त्याने ऐकलं होतं, म्हणून तो जंगलातून एक पोपट धरून पिंजऱ्यासकट घेऊन आला. पण आमच्या पोपटाला पेरू आवडेना. त्याला मिरची आवडायची. घरात बरीच चर्चा झाली आणि शेवटी असं ठरलं की महत्त्व पेरूला नाही, उष्ट्याला आहे. मग मी रोज पोपटाची उष्टी मिरची खाऊ लागले. त्या काळात मी आरडाओरडा अगदी अस्खलित करत असे.

मिरचीने गुण येईना तेव्हा मामाने विचार पुढे नेला. म्हणाला, "तूच त्याले बोलाले शिकव. शिकवता शिकवता तुले येईन." म्हणून रोज सकाळी मला पिंजऱ्यासमोर बसवायचे आणि मी पोपटाला माझं नाव शिकवायचे. एका बाजूला बाबा उभे, दुसऱ्या बाजूला माय. पोपट मान वाकडी करून आम्हा तिघांकडे बघायचा. मी जशी चुलीजवळच्या मांजरीशी बोलायचे तशी त्याच्याशी एकटीने बोलले असते तर नाव सरळ निघालं असतं. पण मला एकटीला कोण सोडतो?

पावसाळा सरता सरता पोपट बोलला. सगळे धावले. आधी त्याने माझ्या नावाचं पहिलं अक्षर घेतलं आणि ते पुन्हा पुन्हा आपटलं. मग अगदी माझ्यासारखा, पाण्यात बुडणाऱ्याने घ्यावा तसा श्वास घेतला. मग मायच्या आवाजात म्हणाला, "सावकाश, माय माझी, सावकाश." आणि लगेच बाबांच्या आवाजात गरजला, "बोल ना वं लवकर, तोंडात काय भरलं हाय?" त्यानंतर उरलेलं नाव सांगून त्याने मिरची मागितली.

त्याला वाटत होतं, माझं नाव एवढं लांबलचक आहे. त्याचं काय चुकलं? त्याने ते कधी नुसतं ऐकलंच नव्हतं, नेहमी अख्खंच ऐकलं होतं, माय-बाबांसकट.

गावभरातून लोक तो पोपट बघायला यायला लागले. आता घरात अडखळणारे दोघे झाले होते, त्यातल्या एकाचं कौतुक व्हायचं आणि त्याला मिरच्या मिळायच्या. मला फार राग यायचा. पण खरं सांगायचं तर त्याचं ऐकूनच मला पहिल्यांदा कळलं की माझ्या अडखळण्यात माझा भाग किती थोडा होता.

तेवढ्यात धान कापून झालं आणि नाटकाची तालीम बसवायला वडशाकडचे एक मास्तर गावात आले. आमच्याकडे हिवाळा आला की नाटकं आलीच, आणि तालमी आमच्या पडवीत चालायच्या. एका दुपारी मी मागे धान कांडत गात होते. मास्तर पेटी सोडून मागच्या दारी आले आणि मायला म्हणाले, "बाई, हे पोरगी गान्यात कुठीच अडकत नाई. काऊन नाई अडकत?" कुणालाच माहीत नव्हतं. गाताना जवळजवळ कुणीच अडखळत नाही, आणि गाणं संपून बोलणं सुरू झालं की पुन्हा सगळं जिथल्या तिथे येतं, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. त्या दिवशी मात्र माझ्या घराला रामबाण उपाय सापडला.

कारण त्याच आठवड्यात मला पाहायला वडशाचे पाहुणे यायचे होते. मुलगी पाहायला आलेले लोक पहिला प्रश्न काय विचारतात हे मराठी माणसाला सांगायला नको. नाव काय? माझ्या सगळ्या आयुष्याचा निकाल त्या एका प्रश्नावर येऊन थांबला होता. तर मास्तरांनी तोड काढली की मुलीने नाव गाऊन सांगावं. बाबा म्हणाले की एकटी पोरगी गायली तर संशय येईल. त्यावर मामा म्हणाला, मग सगळेच गाऊ! आमच्या घराण्यात पाहुण्यांशी गाण्यातच बोलायची रीत आहे, असं सांगू.

माय हळूच म्हणाली, "आन लग्नानंतर?"

"लग्न झाल्यावर बाईले बोलाले कुठी लागते?" मामा म्हणाला. माय त्याच्याकडे बघतच राहिली. तिचं लग्न होऊन वीसेक वर्षं झाली होती आणि ती सकाळपासून बोलतच होती.

मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. शेजारच्या गावात एका मुलीचा अधू डोळा लपवून तिचं लग्न लावलं होतं, आणि महिन्याभरात तिला माहेरच्या दारात आणून सोडलं होतं. लग्न ठरण्याची मला भीती नव्हती, न ठरण्याचीही नव्हती. फसवून ठरण्याची होती. सासरी मी मीठ गाऊन मागणार होते का? पण मला कुणी विचारलं नाही. आणि मी आपणहून सांगायला गेले तर पहिल्या अक्षरावर बाबा म्हणाले, "हो हो, तुले हिरवं लुगडंच नेसवू."

पाहुणे आले ते छोट्या रेल्वेने मूल गावच्या स्टेशनापर्यंत आणि तिथून बैलगाडीने. मुलगा धानाच्या गिरणीत कामाला, त्याचा काका, आणि मुलाची आई. त्या काळी मुलगी पाहायला बाया येत नसत. पण ही विधवा होती, तिने एकटीने मुलाला वाढवलं होतं, आणि सून आपण स्वतः बघणार म्हणून ती आली होती. संध्याकाळच्या गाडीने त्यांना परतायचं होतं. पोपटाला आम्ही पिंजऱ्यावर फडकं टाकून गोठ्यात नेऊन ठेवलं होतं.

मास्तरांनी पेटीवर सूर धरला आणि बाबांनी दारातच तोंड उघडलं.

"या हो पाहुणे, बसा हो सतरंजीवर, वाटेत त्रास तर नाई ना झालाऽऽ!"

माझ्या बाबांचा गळा म्हणजे काय सांगू. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. पाहुणे उंबऱ्यावर थबकले. मामाने रीत समजावून सांगितली, तीही गाऊन. मुलाची आई कपाळाला आठ्या घालून बसली. पण मुलाच्या काकाचा चेहरा असा फुलला म्हणता! तो दरवर्षी नाटकात कामं करणारा माणूस. त्याने खांद्यावरचा दुपट्टा सावरला आणि गाडीला बसलेले हादरे, वाटेतला नाला, दुखरी कंबर, सगळं तान घेऊन सांगितलं. बाबांनी उत्तर दिलं. मामाने मध्येच गुळाचा चहा विचारला. एकूण दहा-पंधरा मिनिटं शेतीवाडी, पाऊसपाणी आणि म्हशींचं दूध यांवर गायन झालं. मुलगा बिचारा एकदा या तोंडाकडे आणि एकदा त्या तोंडाकडे बघत होता.

मग मला बाहेर आणलं. मी पाटावर बसले. काकाने गाण्यातच नाव विचारलं. मास्तरांनी सूर दिला, मी श्वास घेतला, आणि तेवढ्यात गोठ्यातून उत्तर आलं.

पेटी ऐकली की त्या पोपटाला चेव यायचा, हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात राहिलं नव्हतं. त्याने पहिलं अक्षर घेतलं. पुन्हा घेतलं. पुन्हा. बुडणाऱ्याचा श्वास घेतला. "सावकाश, माय माझी, सावकाश." मग बाबांच्या खणखणीत आवाजात, "बोल ना वं लवकर, तोंडात काय भरलं हाय?" आणि मग उरलेलं नाव.

पेटी थांबली. बाबा समोर तोंड मिटून बसले होते आणि त्यांचा आवाज गोठ्यातून आला होता, तेव्हा पाहुणे काय समजले असतील देव जाणे. मामा उठून गाऊ लागला की आमच्या शेजारी एक वेडा राहतो. मुलाच्या आईने हात वर केला तसा तो खाली बसला.

"हे कोन बोल्लं?" तिने विचारलं.

"पोपट," माय म्हणाली. गायची विसरली.

"त्याले असं बोलाले कोनं शिकवलं?"

मी हात वर केला, शाळेत करतात तसा. मला रडू येत होतं, पण मोकळंही वाटत होतं. काय व्हायचं ते आता इथेच, माझ्या दारात होणार होतं.

तिने मला जवळ बसवलं. म्हणाली, "नाव सांग. गाऊ नको."

मी सुरुवात केली आणि अडले. लगेच माय पुढे झाली, मास्तरांनी हळूच सूर दिला, मामाने ओठ हलवून दाखवले, आणि बाबांनी सरळ माझं नाव घेऊन टाकलं. ती बाई बाबांकडे वळली. "तुमचं नाव मी नाई विचारलं, भाऊ," ती म्हणाली. "कोनी बोलू नका आता."

मग ती माझ्याकडे बघत बसली. माझ्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे. बाहेर गाडीवाल्याने बैल जुंपले आणि हाक मारली. काका उठला, दारातून ऊन कुठवर गेलंय ते बघून आला, घसा खाकरला. संध्याकाळची रेल्वे चुकली असती. मला माहीत होतं की गाडी चुकेल, आणि ते माहीत असल्यामुळे अक्षर आणखीच घट्ट बसलं. तिने बाहेर बघितलं नाही. मानही डोलावली नाही, 'हं हं' सुद्धा केलं नाही. जणू तिला दुसरं कामच नव्हतं.

मी नाव सांगितलं. अडत, आपटत, पोपटासारखंच, फक्त मधली माय आणि मधले बाबा वगळून. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या तोंडून सुरू होऊन माझ्याच तोंडून संपलं.

"बरं," ती म्हणाली. "आता चहा आन."

गाडी चुकलीच. पाहुणे मुक्कामाला राहिले आणि सकाळी निघताना तिने होकार दिला. बाबा हात जोडून म्हणाले की पोरगी अशी अडखळते, तरी तुम्ही हो म्हणता. ती म्हणाली, "मले सून पाह्यजे, भाऊ. गानारी भेटली असती तर आमाले झोप नसती येली." काका मात्र जरा नाराज झाला.

सासरी गेल्यावर माझं अडखळणं गेलं असं नाही. ते गेलं नाही, कमी झालं. काही दिवस बरे जायचे, मग एखाद्या दिवशी पुन्हा सगळं जाम. एकदा सासू आणि मी चुलीपाशी होतो. ती भाजी चिरत होती, दूध तिच्या समोरच चढत होतं. 'दूध उतू चाललंय' असं सांगायला मी तोंड उघडलं आणि 'द' वर अडले. तिने भाजी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. दूध तिला दिसत होतं. उतू गेलेलंही दिसलं, चुलीत पडून फुसफुसलेलं ऐकू आलं, घरभर वास सुटला. ती थांबली. माझं वाक्य पूर्ण झालं तेव्हा भांड्यात तळाशी थोडंसं दूध उरलं होतं. "हो ना वं," ती म्हणाली, "गेलं," आणि उठून चूल पुसायला लागली.

फोनवरच्या त्या मुलीला मी सांगणार आहे की थेरपीला जरूर ने, आमच्या वेळी मिरच्या होत्या. पण जाण्याआधी पोराला विचार की त्याला कशाची अडचण होते; त्याची आणि तुमची अडचण एकच असेल असं नाही. महिन्याभरात गडगडा बोलायला लागेल म्हणून वाट बघू नको. पाहुण्यांसमोर त्याला कविता म्हणायला लावू नको, तो म्हणेल आणि तुम्ही फसाल. आणि दूध जाऊ दे.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले. पोपटाचा पिंजरा पुन्हा पडवीत लागला होता. बाबा बाजेवर बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, कारण मला त्यांना एक सांगायचं होतं. सुरुवात केली आणि अडले. बाबांनी सवयीने तोंड उघडलं.

त्यांच्याआधी पोपट बोलला. त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच ठसक्यात. "बोल ना वं लवकर, तोंडात काय भरलं हाय?"

बाबा एवढे दचकले की कुणीतरी त्यांनाच झापलं असं वाटावं. पिंजऱ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं, बाजेवरून खाली उतरले आणि माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले. मला त्यांची दया आली. गप्प बसायला त्यांना किती कष्ट पडत होते ते त्यांच्या गळ्याच्या शिरांवर दिसत होतं. पण ते बसून राहिले. मी अडले, सोडलं, पुन्हा धरलं.

"बाबा," मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही लय बेसूर गायले."

बाबांनी बराच वेळ विचार केला. "हो वं," ते म्हणाले, "मले तवाच वाटलं होतं."

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. जन्मल्यापासून बाबांशी बोललेलं ते माझं पहिलं पूर्ण वाक्य होतं.